मानेवरचा हात

उबवणी केंद्रात मला सगळे पारा म्हणतात. थर्मामीटरमुळे म्हणतात की रागामुळे, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकून नक्की भडकलो असतो आणि नाव आणखी पक्कं झालं असतं.

एकतीस वर्षं मी इथे यंत्रांच्या खोलीत आहे. माणसाहून उंच सोळा कपाटं, प्रत्येकात हजारो अंडी आणि आत साडेसदतीस अंश. पहिले काही दिवस अंड्यांना ऊब द्यावी लागते. पुढे आतला जीव वाढतो, स्वतःच तापायला लागतो आणि मग त्याच कपाटाला गार करत बसावं लागतं. यात जादू काही नाही. आत एक सेन्सर असतो. तापमान उतरलं की तो हीटर लावतो, चढलं की गार पाण्याची नळी उघडतो आणि पुन्हा बघतो. दिवसभर एवढंच चालतं. नवीन आलेल्यांना मी हे शिकवतो आणि लगेच सांगतो की सेन्सरवर आंधळा विश्वास ठेवू नका. एकदा सात नंबरमधला सेन्सर पकडीतून निसटून हीटरच्या शेजारी जाऊन पडला होता. पडद्यावर साडेसदतीस दिसत होतं आणि अंडी गारठत होती. ते मला कळलं, कारण मी रोज प्रत्येक कपाटातलं एक अंडं काढून मिटलेल्या पापणीला लावून बघतो. पापणीची कातडी पातळ असते. माझ्या पापणीला अर्ध्या अंशाचा फरक समजतो. मॅनेजरने दोनदा पैज लावली आणि दोन्ही वेळा हरला.

ही फुशारकी मुद्दाम मारतोय, कारण पुढे जे सांगायचं आहे ते याच फुशारकीच्या तोंडात मारणारं आहे.

वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी माझ्या शरीरातलं असंच एक यंत्र बंद पडलं. धडधाकट माणूस जेवतो, रक्तातली साखर चढते, शरीर इन्शुलिन सोडतं, साखर उतरते. फार उतरली तर यकृत आपला साठा उघडतं, छाती धडधडते, हात कापतात, घाम फुटतो आणि माणूस गपचूप काहीतरी खातो. त्याला पत्ताही नसतो की आत एवढी धावपळ चालली आहे. माझ्यातलं इन्शुलिन संपलं, तेव्हापासून अर्धं काम मी सुईने करतो. आणि काम म्हटलं की मी ते कपाटासारखंच करणार. भिंतीवर आलेखाचे कागद लावले. साखर ऐंशी-नव्वदच्या आसपास एका रेषेत ठेवायची, तिला इकडेतिकडे हलू द्यायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, इतकी ताणून धरू नका, थोडी वर राहू द्या. मी म्हणायचो, आधी आलेख बघा, मग बोला.

एवढं काठाने चालणाऱ्याचा पाय घसरणारच. आठवड्यातून तीन-चारदा साखर साठच्या खाली जायची. सुरुवातीला धडधड व्हायची, मी खायचो, विषय संपायचा. मग धडधड हळूहळू कमी झाली. दहाएक वर्षांनी तर काहीच कळेनासं झालं. आपल्याला वाटतंय की आपण मजेत बोलतोय, आणि समोरचा म्हणतोय की तुम्ही मघापासून एकच वाक्य बोलताय.

मला कळत नव्हतं, पण बायकोला कळायचं. ती घरीच कपडे शिवायची, खिडकीपाशी तिची मशीन होती. माझ्याकडे पाठ असली तरी तिला माझ्या आवाजावरून समजायचं. मशीन थांबायची. ती मागून यायची, माझ्या मानेवर हात ठेवायची आणि म्हणायची, "अहो, साखर." बस, एवढंच. तिच्या पहिल्या बोटाचं टोक सुईने खरखरीत झालेलं होतं आणि ते बरोबर माझ्या कानाच्या मागे टेकायचं. कामावर असलो तर सव्वाअकराला फोन यायचा. मी चिडायचो. "मी काय कुकुल्लं बाळ आहे?" असं विचारायचो आणि ड्रॉवरमधली साखर खायचो. आमच्या संसारात प्रेमाचं बोलणं फारसं झालं नाही. झालं ते इतकंच, आणि ते रोज झालं.

अकरा महिन्यांपूर्वी ती गेली. दुपारी कोणाच्या तरी बाह्या उसवत असताना खुर्चीतून घसरली आणि दोन दिवस इस्पितळात होती. तिथल्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन समजावलं. हृदय बरेच दिवस थकलेलं होतं, म्हणाला, दीड वर्ष तरी. हृदय थकलं की शरीर हातापायांचं रक्त आखडतं आणि आतल्या मुख्य अवयवांकडे वळवतं. ठोके वाढवतं, पाणी धरून ठेवतं. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला सगळं व्यवस्थित चाललेलं दिसतं. चालतं तोवर चालतं, आणि एक दिवस चालवता येत नाही. मग त्याने सहज विचारलं, "हात गार पडत असतील त्यांचे. तुमच्या लक्षात नाही का आलं?"

मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. शेवटचं वर्षभर तो हात माझ्या मानेवर गारच लागत होता. मी तिला एकदा म्हणालोसुद्धा, "बर्फात हात घालून आलीस का?" ती म्हणाली, "नळाचं पाणी गार होतं." आणि मी मान डोलावून साखर खाल्ली. अर्ध्या अंशाचा फरक ओळखणारा मी. परक्या कोंबड्यांची अंडी डोळ्यांना लावून बघत होतो आणि घरातला हात रोज कातडीवर असून मला वाचता आला नाही.

ती गेल्यावर मला एकच गोष्ट हवी होती. तिला विचारायचं होतं, तुला कळत होतं का? कळत होतं तर मला का नाही सांगितलंस? बाकी रडणंबिडणं मी फारसं केलं नाही. हा प्रश्न मात्र जपून ठेवला.

तीन आठवड्यांनी कामावर परतलो. सकाळी अकराचा सुमार होता, चार नंबरचं दार उघडून मी ट्रे बघत होतो. आतली गरम ओलसर हवा तोंडावर येत होती, पंखा घरघरत होता. आणि मागून माझ्या मानेवर हात आला.

चार बोटं, अंगठा, कानाच्या मागे ते खरखरीत टोक. गार.

मी वळलो. खोलीत कोणी नव्हतं. लांब टेबलाशी दोघी जणी दिव्यावर अंडी तपासत होत्या, त्यांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. मी ड्रॉवरपाशी गेलो आणि बोट टोचून साखर मोजली. अठ्ठेचाळीस. फोन करणारं आता कोणी नव्हतं आणि माझं शरीर चूप होतं. तो हात आला नसता तर मी तिथेच त्या ट्रेवर कोसळलो असतो.

मी घाबरलो नाही. लोकांना वाटेल घाबरलो असेन. मी साखरेची पुडी फोडली, खाल्ली आणि मला इतका आनंद झाला की मी त्या दोघींना उगाच दोन विनोद सांगितले. त्या बिचाऱ्या घाबरल्या, कारण पारा कधी विनोद सांगत नाही.

चार दिवसांनी हात पुन्हा आला, घरी, संध्याकाळी पाचला, मी भांडी विसळत असताना. मग पुन्हा. दर वेळी साखर पन्नासच्या आसपास आणि दर वेळी तसाच गार. मी बोलायचा प्रयत्न करायचो. "थांब," म्हणायचो, "एक विचारायचंय." पण वळलं की संपलं. न वळता उभं राहिलं तर थोडा वेळ राहायचा. किती वेळ ते सांगता येत नाही, कारण तेवढ्या साखरेत घड्याळ कळत नाही. मला वाटायचं, आणखी थोडं उभं राहता आलं तर ती बोलेल. "अहो, साखर" एवढं जरी म्हणाली तरी पुढचं मी विचारून घेईन.

मग मी सकाळचं खाणं टाळायला लागलो. सुई मात्र चुकवत नव्हतो. काय करतोय ते मला पक्कं माहीत होतं. आलेखाचे कागद भरायचं सोडून दिलं, कारण ते आकडे भिंतीवर लावण्यासारखे नव्हते.

घरात माझी मुलगी असते. ती पोहायला शिकवते. दिवसभर तलावाच्या काठावर उभी राहून शिट्टी फुंकते, म्हणून मी तिलाच शिट्टी म्हणतो. आई गेल्यावर स्वतःची खोली सोडून ती माझ्याकडे राहायला आली. आम्ही दोघं एकमेकांशी फार जपून बोलायचो. जेवलात का, हो. औषध घेतलंत का, हो. तिच्या आईचं नाव निघालं की एकाला काहीतरी काम आठवायचं. मी तिला हाताबद्दल चकार शब्द सांगितला नाही. सांगितलं असतं तर तिने मला धरून दवाखान्यात नेलं असतं.

तसं तिने शेवटी नेलंच. एके दिवशी मी नऊ नंबरचं दार उघडून आत तोंड करून उभा राहिलो. मानेवर हात होता आणि मी वळत नव्हतो. मला वाटलं, मिनिटभर झालं असेल. वीस मिनिटं झाली होती. कपाट चौतीस अंशांवर उतरलं होतं, घंटा वाजून वाजून थकली होती आणि मॅनेजर माझे खांदे धरून गदागदा हलवत होता. मी त्याला म्हणालो म्हणे, "हळू बोल, ती जाईल." अंडी बचावली, पण मॅनेजरने माझ्या मुलीला फोन केला.

डॉक्टरीणबाईंनी माझं मीटर बघितलं. त्यात जुने आकडे साठवलेले असतात. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. मुलीला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं.

"तुमच्या शरीरातल्या धोक्याच्या घंटा बंद पडल्या आहेत," त्या म्हणाल्या. "साखर वारंवार खाली गेली की शरीर तेच नेहमीचं मानून चालतं. ओरडायचंच बंद करतं. आणि तुमच्या घरी दुसरं कोणीतरी ओरडायला होतं, त्यामुळे तुम्हाला उणीवही भासली नाही."

"मग आता?"

"आता सहा आठवडे साखर एकदाही खाली जाऊ द्यायची नाही. एकदाही. थोडी वरच ठेवू या, दीडशेपर्यंत असली तरी चालेल. तुमचा आलेख बिघडेल, बिघडू द्या. बऱ्याच जणांच्या घंटा परत वाजायला लागतात. तुमचं शरीर म्हणजे अंड्यांचं कपाट नाही, ते एका रेषेवर राहत नसतं. दोन काठांच्या मध्ये हेलकावे खातं आणि तेच त्याचं बरं असणं."

मला त्यांचा राग आला, पण मला दुसरंच विचारायचं होतं. आडून विचारलं. "साखर उतरल्यावर कोणाला काही वेगळं जाणवतं का? म्हणजे, कोणी हात लावल्यासारखं?"

त्या हसल्या नाहीत. "कुठे लावतात हात?"

मी मान दाखवली.

"भूक लागलेला मेंदू काहीही दाखवतो," त्या म्हणाल्या. "पण माझा अंदाज विचाराल तर तुमच्या आत कुठेतरी अजून समजतंय की साखर उतरली. सांगायची जुनी वाट बंद झाली आहे. इतकी वर्षं साखर आणि हात एकत्र आले, म्हणून ते तुम्हाला हातातून सांगत असेल."

"आणि सहा आठवड्यांनी?"

"मग हाताची गरज उरणार नाही. छाती धडधडेल, घाम येईल. तुमचं तुम्हाला कळेल." त्यांनी हे मला धीर देण्यासाठी सांगितलं. मी मनातल्या मनात सहा आठवडे मोजले.

बाहेर आलो तर मुलगी व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. "काय म्हणाल्या?" "बरा होईन म्हणाल्या." ती एवढी खूश झाली की मला तिच्याकडे बघवेना.

सहा आठवडे शिट्टीने माझ्यावर कडक पहारा ठेवला. दोन-दोन तासांनी मोजणी. माझ्या जुन्या आलेखांवर तिने नवे कागद चिकटवले आणि ठिपके ती स्वतः लावायची. रेषा वेडीवाकडी जायची, एकशे साठ, एकशे वीस, एकशे सत्तर. मला बघूनच कसंतरी व्हायचं. मी तोंड दाबून सगळं केलं. तिच्यासाठी केलं, असं म्हणालो तर तेही अर्धंच खरं आहे. कामावरून मला घरी बसवलं होतं, घरात तिची नजर होती, आणि टाळायचं म्हटलं तरी जागा नव्हती.

हात आला नाही. एक आठवडा, दोन, चार. भांडी विसळताना मी मान थोडी पुढे काढून उभा राहायचो. पाच वाजायचे, सहा वाजायचे. खिडकीपाशी तिची मशीन झाकून ठेवलेली होती आणि घर अगदी नुसतं घर झालं होतं. रिकाम्या घराची भीती वाटते असं लोक म्हणतात. मला भीती वाटत होती ती घर खरोखर रिकामं होईल याची.

चाळिसाव्या दिवशी मी ठरवलं. आणखी दोन दिवसांनी तपासणी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं झालं तर ती कायमची जाणार, आणि माझा प्रश्न तसाच राहणार. एकदाच. एकदा बोलावून विचारायचं आणि मग बरं व्हायचं, अशी मी मनाची समजूत घातली. मुलगी दुपारच्या वर्गाला गेली होती, सहापर्यंत येणार नव्हती. मी सुई घेतली आणि जेवलो नाही. साखरेचा डबा समोर ठेवला, तेवढी अक्कल शिल्लक होती. खुर्ची तिच्या मशीनकडे तोंड करून ठेवली, म्हणजे पाठ दाराकडे आली, आणि बसलो.

खिडकीतून ऊन मशीनच्या झाकणावर पडलं होतं. खालच्या रस्त्यावर कोणीतरी लोखंडी कपाट ओढत नेत होतं, त्याचा कर्कश आवाज बराच वेळ येत राहिला. दर दहा मिनिटांनी मी बोट टोचत होतो. एकशे दहा. ब्याण्णव. चौऱ्याहत्तर.

एकसष्ट झाली तेव्हा काहीतरी सुरू झालं, पण मानेवर नाही. छातीत. आधी वाटलं खाली कपाट जिन्यावर आपटतंय. मग कळलं, ते माझंच होतं. धडधड इतकी की शर्ट हलताना दिसत होता. तळहात ओले झाले, गुडघे थरथरायला लागले, कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. वीस वर्षांत हे झालं नव्हतं. माझं शरीर ओरडत होतं, खा, खा, खा.

मी म्हणालो, "गप्प बस."

ते काय गप्प बसतंय. मी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि मान पुढे काढली. "ये," म्हणालो. "एकदा ये, मला विचारू दे." बावन्न. मानेवर फक्त घाम होता, माझाच, आणि खिडकीतून आलेल्या वाऱ्याने तो गार लागत होता. मी तिला शिव्या घातल्या, तिच्यावर आयुष्यात ओरडलो नव्हतो इतका ओरडलो. कोणी आलं नाही. आणि मग माझ्या हातांनी मला विचारलंही नाही. त्यांनी डब्याचं झाकण उडवलं आणि मुठीने साखर तोंडात कोंबायला लागले. मी रडत होतो आणि खात होतो, साखर शर्टवर, मांडीवर, फरशीवर सांडत होती. थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नव्हतं.

दार उघडलं तेव्हा मी त्याच अवस्थेत होतो. तलावाच्या पंपात काहीतरी बिघडलं म्हणून वर्ग सुटला होता. शिट्टी दारात उभी राहिली, मग धावत आली, मीटर उचललं. तिला वाटलं अपघात झाला. मग ती बटण दाबून मागचे आकडे बघत गेली आणि तिचा चेहरा पालटला.

"एकशे दहा, ब्याण्णव, चौऱ्याहत्तर, एकसष्ट, बावन्न," ती म्हणाली. "दहा-दहा मिनिटांनी. बाबा, तुम्ही बघत बसला होतात?"

फरशीवर तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. चार नंबरचं कपाट, भांडी, नऊ नंबर, डॉक्टरीणबाई. आता ही मला कच्चा खाणार, अशा तयारीने मी खाली बघत होतो.

तिने माझ्या शर्टवरची साखर झटकली. मग म्हणाली, "आई येत होती, आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"ती नव्हती गं. माझा मेंदू—"

"असू दे मेंदू. इतके महिने तुमच्यापाशी ती होती, आणि मी शेजारच्या खोलीत होते." तिचा आवाज फाटला. "कसा होता हात?"

"गार," मी म्हणालो. आणि मग जे इस्पितळात म्हणालो नव्हतो ते म्हणालो. "वर्षभर गार होता. जिवंत होती तेव्हापासून. मला लागत होता आणि मी विचारलं नाही. हेच तिला विचारायचं होतं मला, कळत होतं तर सांगितलं का नाहीस. माझ्यामुळे गेली ती. मी लक्ष दिलं असतं तर—"

"बाबा, तिला माहीत होतं."

मी वर बघितलं.

"आणि मलाही." ती भिंतीला टेकून खाली सरकत माझ्याशेजारी बसली. "आम्ही दर बुधवारी इस्पितळात जायचो. तुम्हाला सांगायचो, आई माझ्याकडे पोहायला शिकते. आठवतं? परत येताना ती तिथल्या नळाखाली केस ओले करायची, म्हणजे तुम्हाला संशय यायला नको. गोळ्या दोर्‍यांच्या डब्यात ठेवायची. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फार हातात नाही. जिना चढताना दम लागला की ती दुसऱ्या मजल्यावर उभी राहून शेजारणीशी गप्पा मारल्यासारखं करायची. सतरा महिने."

"मला का नाही सांगितलं?"

माझा तोच प्रश्न होता. चाळीस दिवस, अकरा महिने मी तो ज्या माणसासाठी जपून ठेवला होता ते माणूस आलं नव्हतं, आणि तो आपसूक हिच्यापुढे पडला.

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, बाबांना सांगायचं नाही, ताण आला की त्यांची साखर हलते. ती नीट राहिली पाहिजे, मी गेल्यावर बघायला कोणी नाही." तिने मीटर खाली ठेवलं. "मी पण मग तेच करत राहिले. मला किती वेळा तुमच्यासमोर रडायचं होतं. आधी आलेखाकडे बघायचे आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडायचे."

मला राग आला. खरा, जुना, पाऱ्याचा राग. तिच्यावर, या पोरीवर, स्वतःवर, त्या भिंतीवरच्या कागदांवर. तीस वर्षं ती रेषा सरळ राहावी म्हणून माझ्या घरात कोणी मोठ्याने आजारी पडलं नाही, आणि मला वाटत होतं की ती रेषा मी एकट्याने सांभाळली. मी उठलो. जुने, नवे सगळे कागद धरून मी खसकन ओढले. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला.

"बाबा, बसा खाली, अशाने तुमची साखर—"

"हलू दे," मी म्हणालो. "तिने काय सोसलं ते सांग मला. पहिल्या बुधवारपासून सांग. रडायचं असेल तर रड, मला शिव्या घालायच्या असतील तर घाल. माझी साखर हलू दे."

तिने शर्टच्या बाहीने नाक पुसलं आणि पहिल्या बुधवारपासून सांगायला सुरुवात केली.